दोन तपासण्यांमधले ९० दिवस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तालुक्याच्या डॉक्टरांकडे शुगरचा पेशंट साधारण तीन महिन्यांतून एकदा जातो. नंबर लागेपर्यंत अर्धा दिवस जातो आणि आतलं बोलणं पाच-सात मिनिटांत आटोपतं. पुढचे ९० दिवस त्याचे त्यालाच काढायचे असतात. मे महिन्यात लाईन गेली तर इन्सुलिन कुठे ठेवायचं, लग्नाची पंगत चार वाजता बसली तर गोळी केव्हा घ्यायची, कापूस वेचताना हातपाय लटपटले तर आधी तोंडात काय टाकायचं, हे प्रश्न त्या ९० दिवसांतले. त्यांची उत्तरं चिठ्ठीवर लिहिलेली नसतात. ती बहुतेक वेळा दुसऱ्या पेशंटला ठाऊक असतात, दहा-पंधरा वर्षं सुई घेणाऱ्याला किंवा लहान लेकराची सुई सांभाळणाऱ्या आईला. पण सुई घेणारं घर एका गावात एखाददुसरंच असतं. त्यामुळे यवतमाळ, वाशीम, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या गावांतल्या शुगरवाल्यांसाठी व्हॉट्सअ‍ॅपवरचे गट खरोखर मोलाचे आहेत. वीस किलोमीटरवरच्या गावात कुणीतरी याच दुखण्यातून जात आहे आणि रात्री दहा वाजताही उत्तर देईल, ही खात्री औषधाइतकीच लागते.

अडचण अशी की याच गटांवर सकाळी मेथीदाण्याचं पाणी, दुपारी जांभळाच्या बियांची भुकटी आणि रात्री ‘तीस दिवसांत शुगर मुळापासून बरी’ असं फिरत राहतं. कामाचं बोलणं त्यात बुडून जातं. म्हणून विदर्भातल्या गावांत शुगरवाल्यांनी एकमेकांना नेमकं काय सांगायला हवं, ते या पत्रातून मांडत आहोत. उन्हाळा तोंडावर आहे, तेव्हा सुरुवात इन्सुलिनपासून.

न उघडलेली शिशी २ ते ८ अंशांत ठेवायची असते. उघडलेली शिशी साधारण २५ ते ३० अंशांपर्यंत चार आठवडे चालते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ च्या घरात असतो आणि टिनाच्या छपराखाली त्याहून वर जातो. फ्रिज असेल तर शिशी दाराच्या कप्प्यात ठेवावी. बर्फाच्या कप्प्याला टेकून ठेवलेलं इन्सुलिन गोठलं, तर ते वितळल्यावर दिसायला पूर्वीसारखं दिसतं, पण त्यात दम राहत नाही. ते फेकूनच द्यायचं.

फ्रिज नसेल, किंवा असून लाईन नसेल, तर दोन मडकी घ्यावीत. मोठ्या मडक्याच्या तळाशी वाळूचा थर द्यावा, त्यावर लहान मडकं बसवावं आणि दोघांच्या मधल्या फटीत दोन-तीन बोटं जाडीची वाळू भरावी. वाळू सकाळ-संध्याकाळ पाणी घालून ओली ठेवावी. शिशी घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात घालून तो डबा लहान मडक्यात ठेवावा आणि वरून ओलं गोणपाट टाकावं. शिशी थेट पाण्यात बुडवू नये. लेबल सुटतं आणि टोपणाच्या रबरावर घाण बसते. मडकं सावलीत, पण वाऱ्याच्या जागी ठेवावं. कोठीच्या खोलीत किंवा दिवाणाखाली ठेवलं तर पाणी उडत नाही आणि गारवाही येत नाही. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळे ही युक्ती इथे कोकणापेक्षा कितीतरी चांगली चालते. जुलैत हवा दमट झाली की मडक्याचा गारवा कमी होतो, पण तोवर बाहेरचा पाराही उतरलेला असतो. डब्यात एक साधा थर्मामीटर ठेवला तर अंदाजाने चालावं लागत नाही.

मेडिकलमधून शिशी आणताना मोटारसायकलच्या डिक्कीत टाकू नये. उन्हात उभ्या गाडीची डिक्की तव्यासारखी तापते. रुंद तोंडाचा थर्मास घ्यावा, त्यात थंड पाणी घालावं आणि शिशी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवावी. बर्फ घेतलाच तर तो शिशीला भिडू देऊ नये.

आता यातली खरी भानगड. उन्हाने खराब झालेलं इन्सुलिन पुष्कळदा दिसायला चांगलंच असतं. स्वच्छ असायला हवं ते गढूळ झालं, किंवा हातात घोळल्यावरही मुळातच दुधाळ असणाऱ्या इन्सुलिनमध्ये गुठळ्या राहिल्या, तर ते खराब झालं हे कळतं. एरवी कळत नाही. पेशंट नेमाने सुई घेतो आणि शुगर हळूहळू चढत जाते. डॉक्टर डोस वाढवतात, कारण शिशी कुठे ठेवली होती हे त्यांना कुणी सांगत नाही. पुढे जुनी शिशी संपते, ताजी येते, आणि वाढवलेला डोस पूर्ण ताकदीने लागू पडतो. त्या रात्री शुगर पार खाली जाते. त्यामुळे कुणाची शुगर विनाकारण वाढली, तर गटात पहिला प्रश्न हा विचारायला हवा, ‘शिशी कधी उघडली अन् ठेवली कुठं?’ उघडल्याची तारीख शिशीवर पेनाने लिहायची सवय यासाठीच. १० मिलीच्या शिशीत, ४० युनिटच्या हिशेबाने, ४०० युनिट असतात. रोज २० युनिट घेणाऱ्याची शिशी २० दिवसांत संपते. रोज १० युनिट घेणाऱ्याची ४० दिवस पुरते आणि शेवटचे १२ दिवस तो मुदत संपलेलं इन्सुलिन टोचत असतो.

४० चा हा हिशेब सिरिंजलाही लागू आहे. आपल्याकडे शिशीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिट प्रति मिली असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधलं इन्सुलिन बहुतेक १०० युनिटचं असतं. १०० युनिटच्या शिश्याही मिळतात आणि त्यांची सिरिंज केशरी टोपणाची. मेडिकलवाल्याकडे लाल संपली म्हणून त्याने केशरी दिली आणि ४० च्या शिशीतून २० च्या रेघेपर्यंत औषध ओढलं, तर अंगात फक्त ८ युनिट जातात. उलटं झालं तर जीवावर बेततं. १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये २० पर्यंत भरलं तर ५० युनिट जातात. शिशीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी-शेजारी धरून जुळवायचा. वाचता येत नसेल त्याने दोन्हींचा फोटो गटात टाकावा. अशा फोटोला कुणीतरी पाच मिनिटांत उत्तर देतं, आणि गट त्यासाठीच असतो.

दुधाळ इन्सुलिनची शिशी दोन्ही तळव्यांत दहा-वीस वेळा हळू घोळवावी, हिसडे देऊन हलवू नये. पोटावर टोचताना बेंबीपासून दोन बोटं दूर टोचावं आणि रोज जागा बदलावी. एकाच जागी टोचत राहिलं की तिथे चरबीची गाठ धरते. गाठीत टोचलेलं दुखत नाही, म्हणून माणूस पुन्हा तिथेच टोचतो आणि औषध मात्र कधी लागू पडतं, कधी नाही. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावावं आणि ती उपकेंद्रात द्यावी. उकिरड्यावर टाकलेली सुई शेणखताबरोबर वावरात जाते आणि निंदणाऱ्या बाईच्या पायात शिरते.

शुगर लो होणं ही गावात सगळ्यात जास्त चुकीची ओळखली जाणारी गोष्ट आहे. ७० च्या खाली गेली की घाम फुटतो, हात कापतात, भूक उसळते, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस अडखळत किंवा चिडून बोलतो. उन्हात काम करताना घाम आधीच असतो, त्यामुळे ध्यान जात नाही. संध्याकाळी रस्त्यात कुणी असा झोकांड्या देताना दिसला, तर ‘पिऊन येऊन राहिला’ म्हणून लोक बाजूला होतात. उपाय सोपा आहे. तीन भरलेले चहाचे चमचे साखर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, अर्धा ग्लास पाण्यात घोळून प्यायची. १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं. शुगर वर आली नसेल तर तेवढीच साखर पुन्हा घ्यायची, आणि सावरल्यावर भाकरी-वरण खायचं. पेढा, बिस्कीट, चॉकलेट इथे कामाचं नाही, कारण त्यातलं तूप-तेल साखरेला अडवून धरतं.

एक बारकावा बहुतेक पेशंटना कुणी सांगितलेला नसतो. ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज आहे, त्यांना साखरेने लवकर उतार पडत नाही. ही औषधं आतड्यात साखर फुटू देत नाहीत. अशांनी ग्लुकोज पावडरची पुडी खिशात ठेवायची. गोळीच्या पाकिटावरचं बारीक नाव वाचून घ्या किंवा मेडिकलवाल्याकडून वाचवून घ्या. तिहेरी गोळ्यांत ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज एकत्र असतात आणि त्या आपल्याकडे सर्रास चालतात. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइडने शुगर उतरली असेल, तर एकदा साखर दिल्यावर माणूस उठून बसतो आणि काही तासांनी पुन्हा कोसळू शकतो. त्याला त्या रात्री एकट्याला झोपू देऊ नये. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, घास श्वासनळीत जातो. कुशीवर वळवून १०८ ला फोन करायचा.

लग्नसराईतही असंच घडतं. ‘आता पंगत बसेल’ म्हणून बारा वाजता सुई किंवा गोळी घेतली जाते आणि ताट येतं तीनला. साधं किंवा मिश्र इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं हे खरं, पण मांडवात असाल तर ताट समोर येईपर्यंत हात आवरलेला बरा. थोडी वाढलेली शुगर नंतर उतरवता येते. नवरात्रात किंवा श्रावणात उपास करायचा तर ग्लिमेपिराइडवाल्यांनी आणि इन्सुलिनवाल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट (स्टार्च), त्याची पोटात साखरच होते, तो पथ्याचा नव्हे.

तपासणीबद्दल दोनच गोष्टी. पहिली वरूड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या संत्रापट्ट्यातल्या घरांसाठी. संत्रं सोललेल्या बोटावर रसाची साखर राहते आणि त्याच बोटातून थेंब काढला तर मशीन खोटा, चढा आकडा दाखवतं. स्पिरिटच्या बोळ्याने पुसूनही ती पूर्ण जात नाही. हात साबणाने धुऊन, कोरडे करूनच टोचावं, तेही बोटाच्या टोकावर नाही, बाजूला. खोट्या आकड्यावर इन्सुलिन वाढवून घेतलं तर काय होतं ते वर आलंच आहे. दुसरी गोष्ट पट्ट्यांची. बहुतेक मशीन ४० अंशांच्या वर नीट चालत नाहीत आणि डबी उघडी राहिली की पट्ट्या दमट होतात. पट्ट्या महाग पडतात म्हणून सकाळच्या उपाशीपोटी आकड्यावरच सगळे थांबतात. आठवड्याला दोनच पट्ट्या परवडत असतील तर एका जेवणाच्या आधी एक आणि त्याच जेवणानंतर दोन तासांनी एक वापरा. पुढच्या आठवड्यात दुसरं जेवण घ्या. कोणत्या ताटाने किती उडी मारली हे महिन्याभरात कळतं. ‘ज्वारी खाल्ली तर शुगर वाढत नाही’ हा समजही असाच पारखता येईल. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ७० ग्रॅम पिष्ट असतं. मोठ्या हाताच्या दोन भाकरी म्हणजे सहज १०० ग्रॅमच्या आसपास पिष्ट झालं. भाकरी चांगलीच आहे, पण ती मोजून खावी आणि आधी वरण-भाजी पोटात जाऊ द्यावी.

तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या एचबीएवनसी तपासणीबद्दल विदर्भाला वेगळं सांगावं लागतं, कारण सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आपल्याकडे फार आहे. सिकलसेलच्या रुग्णात तांबड्या पेशी लवकर मरतात. त्यामुळे त्यांच्यावर साखर चढायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा, कमी येतो. नुसता वाहक असेल तरी काही यंत्रांवर आकडा गडबडतो. उलट, लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर तो जास्त येऊ शकतो. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूरकडच्या पेशंटने सिकलसेलचं कार्ड शुगरच्या फाईललाच जोडून ठेवावं आणि डॉक्टरांना दाखवावं. मग उपाशीपोटीचे आणि जेवणानंतरचे आकडे बघूनच उपचार ठरवता येतात. देशाने सिकलसेल निर्मूलनाचं अभियान २०२३ मध्ये सुरू केलं. दोन्ही आजारांची तपासणी एकाच उपकेंद्रात होते, पण एका कागदाची माहिती दुसऱ्या कागदावर पोहोचत नाही.

पायांचं सांगायलाच हवं. पऱ्हाटी आणि तुराटी कापल्यावर उरलेले खुंट स्लिपर फोडून तळव्यात जातात, आणि ज्याच्या पायाची जाणीव गेली आहे त्याला ते जखम चिघळेपर्यंत कळत नाही. धानाच्या बांधीत रोवणीच्या दिवसांत पाय दिवसभर पाण्यात भिजून बोटांच्या बेचक्या फाटतात. रोज रात्री दिव्याखाली तळवे बघावेत. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून बघावेत, किंवा घरच्यांनी बघावेत. चप्पल-बूट घालण्याआधी आत हात फिरवावा. थंडीत पाय शेकोटीजवळ धरू नयेत, गरम पाण्यात घालू नयेत, कारण भाजलेलं कळत नाही. भोवरी ब्लेडने तासू नये. जखम दिसली की हळद-तेल लावून आठ दिवस वाट बघत बसू नये, त्याच दिवशी दाखवावी. न दुखणारी जखम बरी म्हणून सोडून दिली की पुढे बोट, मग पाय, असं कापत जावं लागतं.

लहान लेकरांची शुगर वेगळी असते, त्यात अंगात इन्सुलिन तयारच होत नाही. सारखी लघवी, सारखी तहान, चांगलं खाऊनही महिन्याभरात वजन उतरलं आणि मग उलट्या, पोटदुखी, धाप, तर त्याला पित्त किंवा ताप समजून सलाईनवर वेळ घालवू नये. बोटातून एक थेंब काढून शुगर बघायला मिनिट लागत नाही. या लेकरांचं इन्सुलिन आजारपणात, जेवण जात नसलं तरी, पूर्ण बंद करायचं नसतं. किती द्यायचं ते त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारायचं. १९२२ च्या आधी अशी मुलं जगतच नसत. त्या वर्षी टोरंटोत पहिल्यांदा एका मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं. आज कुणाच्या सांगण्यावरून काढ्यासाठी सुई थांबवली तर ते लेकरू काही दिवसांतच त्या जुन्या काळात जातं. भुकटी विकणाऱ्यांना याची काही पडलेली नसते. शिवाय अशा भुकट्यांत शुगरच्याच ॲलोपॅथी गोळ्या कुटून मिसळलेल्या सापडल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. ‘भुकटीनं शुगर उतरली’ यामागे कधीकधी तेच असतं. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने बंदी आहे, आणि ती वर्तमानपत्रांनाही लागू आहे, हे आपल्यापुढे आदराने ठेवतो.

म्हणून गटाचे नियम कडक हवेत. ‘फास्टिंग १८०, काय करू?’ या प्रश्नाला कुणीच नीट उत्तर देऊ शकत नाही. वय काय, शुगर कोणत्या प्रकारची, कोणती औषधं किती वाजता घेतली, आदल्या रात्री काय आणि केव्हा खाल्लं, ताप किंवा उलटी आहे का, आणि मशीनचा फोटो, एवढं आलं तर कामाचं बोलणं होतं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी आपल्या बोलीत आवाज पाठवावा. डोस कुणीही कुणाला सांगायचा नाही. दुसऱ्याचे वीस युनिट आपल्याला विष होऊ शकतात. सांगायचं ते मडक्याचं, सिरिंजचं, कोणत्या गावच्या मेडिकलमध्ये शिशी शिल्लक आहे त्याचं, कोणत्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासायला येतात त्याचं. रात्री शुगर लो झाली तर मेसेज टाकून उत्तराची वाट बघायची नाही, शेजाऱ्याला हाक मारायची. त्यासाठी प्रत्येक सदस्याच्या गावातल्या दोन माणसांचे फोन नंबर गट चालवणाऱ्याजवळ असावेत.

बायांचं आणखी एक दुखणं आहे. घरातला फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात असतो, आणि सुई घेणाऱ्या मुलीचं नाव गटात दिसलं तर तिच्या सोयरिकीची चिंता आईला लागते. अशांसाठी आशाताईंच्या फोनवरून प्रश्न विचारता यावा आणि नाव न घेता उत्तर मिळावं. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची शुगर तपासण्यासाठी आशाताई घरोघर फॉर्म भरतातच. त्याच यादीतून, ज्यांची इच्छा असेल त्यांचा, एका प्राथमिक आरोग्य केंद्रामागे एक गट करायला वेगळा पैसा लागत नाही. त्यात समुदाय आरोग्य अधिकारी असावेत आणि आठवड्यातून एकदा तासभर त्यांनी प्रश्नांना उत्तरं द्यावीत. आरोग्य विभागाने मे उजाडण्याआधी एवढं केलं, तर सगळ्यांत आधी दोन मडक्यांचा फोटो आणि लाल-केशरी टोपणांचा फोटो प्रत्येक गटात जावा.

कळावे,
आपले,
मधुमेही रुग्णांसोबत काम करणारे काही वाचक
जि. यवतमाळ